काटा लालावर, आणि गाडीत दोघी जावा

ये गं पोरी, अशी जवळ सरक. तो मोबाईल पालथा घाल आधी. काय ऐकते मी? गाडीचा काटा लालावर गेला आणि तू गाण्याचा आवाज वाढवलास? वर मलाच सांगतेस, "मावशी, काहीतरी वास येत होता, पण पोचले बाई घरी!" अगं, दूध उतू जायच्या बेताला आलं तर तू गॅस बंद करतेस, की दुसऱ्या खोलीत जाऊन बसतेस? गाडी बिचारी बोलत नाही. काटा वर करून सांगते. नवऱ्याचं तोंड बघून त्याचं पोट दुखतंय की डोकं ते तुला कळतं, आणि नाकासमोरचा काटा दिसत नाही होय गं?

बरं, नाही रागवत. रागवले तर परत फिरकायची नाहीस. बस, तुला आमच्या घोटीच्या स्वारीची गोष्ट सांगते. त्यात रागवण्यासारखं काही नाही, हसून हसून पोट दुखेल एवढंच.

आमची ती निळी गाडी तुझ्या काकांची. म्हणजे होती. त्यांच्या डोळ्यांचं दुखणं सुरू झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं, आता गाडी चालवणं बंद. मग निळी बसली पार्किंगमध्ये धूळ खात. मी रोज गॅलरीतून तिच्याकडे बघायची आणि ती माझ्याकडे. शेवटी साठी उलटल्यावर मी क्लास लावला. शिकवणारी बाई माझ्या लेकीच्या वयाची. पहिल्या दिवशी "काकू, वळा" म्हणाली तर मी वायपर लावले. दुसऱ्या दिवशी वायपर लावा म्हणाली तर हॉर्न. पण शिकले. आणि काय सांगू तुला, ज्या दिवशी एकटीने पंचवटीत जाऊन भाजी घेऊन आले ना, त्या दिवशी गवारीची जुडी मी राज्य जिंकून आणल्यासारखी ओट्यावर ठेवली. गवारीची जुडी नसते म्हणतेस? तीच तर गंमत, मेथी आणायची ती गवार आणली, आणि रुमालात बांधून आणली. डोकं ठिकाणावर होतं कुठे!

तेव्हापासून मला कुणाला "अहो, जरा सोडता का" असं म्हणावं लागलं नाही. हे तुला आत्ता कळायचं नाही. आयुष्यभर कुणाच्या तरी सवडीने घराबाहेर पडलेल्या बाईला विचार.

शेजारच्या फ्लॅटमध्ये माझी धाकटी जाऊ. ती निफाडकडची, बोलायला खणखणीत. तिला गाडी येत नाही, पण गाडीत बसून सूचना उत्तम करता येतात. दरवर्षी दिवाळी झाली की आम्ही दोघी घोटीला नवा तांदूळ आणायला जातो. तांदूळ नाशकातही मिळतो गं, घराखालच्या दुकानात मिळतो. पण दुकानात जाताना खिडकीतून वारा लागत नाही.

तर त्या वर्षी भाऊबीज झाली आणि आम्ही निघालो. जाऊबाईंनी भाऊबिजेची नवी साडी नेसलेली, रेशमी, जरीची. तांदूळ आणायला! म्हटलं, "अगं, गिरणीत कोंड्यात जायचंय." तर म्हणाली, "ताई, साडीला काय माहीत कुठं जायचंय ते." तिच्या त्या साडीपायी एसी लावला. पाथर्डी फाटा मागे पडला, विल्होळीचा चढ लागला, आणि ती पुढे वाकून म्हणते,

"ताई, हा काटा रोज एवढा वर असतो का?"

"नाही गं. अर्ध्यावर असतो."

"मग आज?"

"चढ आहे ना."

"अस्सं. म्हणजे आपल्याबरोबर तो बी चढतोय."

मी बघितलं तर काटा लालाला टेकलेला. पण क्लासवाल्या बाईंचं एक वाक्य डोक्यात पक्कं बसलेलं होतं. गाडी तापली तर एसी बंद करा आणि हीटर पूर्ण सोडा, म्हणजे इंजिनाची उष्णता आत येते आणि त्याला जरा उसंत मिळते. सोडला हीटर. अगं, भट्टीचं दार उघडावं तसा झोत आला अंगावर!

"ताई! गाडी तापली म्हणून मला कशाला तापवता?"

"गप्प बस, काटा बघ!"

"काटा कसला बघू, माझी जर वितळाया लागली!"

चारी काचा खाली, बाहेर दिवाळीनंतरचं ऊन, आत हीटर, आणि आम्ही दोघी लालबुंद. शेजारून ट्रक चाललेला, त्यातला माणूस वाकून बघायला लागला. जाऊबाईंनी त्यालाच हात केला, "काय बघतो रे दादा, थंडी वाजतीये आम्हाला!" तिथे मला जे हसू फुटलं ते आवरेचना. डोळ्यांतून पाणी, काटा लालावर, आणि मी पोट धरून गाडी कडेला घेतीये. काटा खाली यायला लागला होता, केसभर. पण तोवर बॉनेटच्या फटीतून वाफ निघाली.

थांबलो ती नेमकी रसवंतीच्या समोर. रसवाला बिचारा मदतीला धावत आला, हातात पाण्याचा जग. मी बॉनेटसमोर हात पसरून उभी राहिले, "खबरदार! गरम कुकरवर कुणी गार पाणी ओततं का? आणि ते रेडिएटरच्या पाण्याचं झाकण तर उघडायचंच नाही. शिट्टी होत असताना कुकर उघडलाय का कधी?" तो म्हणाला, "मावशी, मी तुम्हाला प्यायला आणलंय."

मग काय. पाणी प्यायलो, उसाचा रस प्यायलो, आलं-लिंबू घालून. इंजिन गार होईपर्यंत बसलो. बॉनेटला हात लावून बघायचा, चटका बसला की परत रस. शेवटी हात ठेवता यायला लागला. मग झाकणावर जाड फडकं धरून, जरासं सैल करून, उरलीसुरली वाफ जाऊ देऊन उघडलं. पाणी कमी झालं होतं, बाटलीतलं घातलं. तेवढ्यात लेक आला मित्राच्या गाडीतून, जाऊबाईंनी फोन केला होता त्याला. माझा लेक पुण्याला असतो, दिवाळीला आला होता. हळूहळू परत निघालो, पुढे निळी, मागे लेक, जशी काही वरातच.

घरी आल्यावर मात्र त्याने बूटही काढले नाहीत.

"आई, बस झालं आता. रविवारी एक जण गाडी बघायला येतोय. मी बोललोय त्याच्याशी."

म्हणजे आधीच बोलला होता! मला न विचारता! मी पंख्याखाली बसले, घामाने निथळत.

"तुला ॲप घालून देतो मोबाईलमध्ये. बोट लावलं की गाडी दारात."

"बोट लावून आलेल्या गाडीत मागे बसायचं रे. पुढे कोण बसतं?"

"आई, तू रस्त्यात अडकलीस तर मी पुण्याहून कसा येऊ? रोज मनात धाकधूक असते माझ्या."

खोटं बोलत नव्हता तो. डोळे भरले होते त्याचे. म्हणून तर भांडता येईना. पण त्या खुंटीवरच्या किल्लीकडे बघितलं आणि मला वाटलं, ही गेली की मी परत गॅलरीत. मग म्हटलं, "हे बघ. रविवार सकाळपर्यंत दे मला. मी दुखणं शोधते. रविवारी आपण सगळे घोटीला जाऊ, तू माझ्या शेजारी बस. काटा लालाला टेकला तर तिथेच किल्ली तुझ्या हातात. परत नाव काढणार नाही."

"आणि नाही टेकला तर?"

"तर त्या माणसाला तू फोन करायचा. मी नाही."

हे आतल्या खोलीतून म्हणाले, "किल्लीची पैज? द्यूत खेळताय की काय मायलेक?"

तर दुसऱ्या दिवशी सकाळी पार्किंगमध्ये दवाखाना उघडला. आमचा नेहमीचा मेकॅनिक सासुरवाडीला, मनमाडकडे गेलेला. त्याला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि पत्र्याच्या डब्यावर ठेवला. पलीकडून लवंगी फटाके, मेव्हण्यांचा गोंधळ, आणि मधूनमधून त्याचा आवाज.

लेकाने रात्री मोबाईलवर काय काय बघून ठेवलं होतं. म्हणाला, "हेड गॅसकेट गेलंय." असं म्हणाला जसं काही घरातलं कुणी गेलंय. जाऊबाईंचं निदान वेगळं. "दृष्ट लागलीये. तो ट्रकवाला कसा बघत होता!" आणि खरंच मीठ-मोहऱ्या मुठीत घेऊन गाडीभोवती फिरली. फिरताना बंपरला गुडघा आपटला तेव्हा म्हणाली, "बघा, उतरली." हे खुर्ची टाकून बसले होते, काळा चष्मा लावून, एखाद्या हिरोसारखे. त्यांचं म्हणणं एकच, "माझ्या हातात होती तेव्हा कधी तापली नाही."

मी म्हटलं, एकेक बघू. भाजी बिघडली तर आपण आधी मीठ बघतो, मग तिखट, एकदम कढई नाही फेकत. गाडी थंडगार असताना झाकण उघडलं, पाणी भरलेलं. खाली फरशी कोरडी, म्हणजे कुठे गळत नव्हतं. त्या पाण्यावर तेलाचा तवंग नव्हता, आणि तेलाची पट्टी ओढून बघितली तर तेल दुधाळ नव्हतं. "हेड गॅसकेट म्हणजे इंजिनात तेल-पाणी वेगळं ठेवणारी पट्टी, ती गेली की तेलात पाणी जातं, मग ताकासारखं दिसतं," फोनमधून आवाज आला. लेकाचं तोंड उतरलं. गॅसकेट गेलं नाही म्हणून वाईट वाटलेला माणूस मी पहिल्यांदाच बघितला.

मग गाडी सुरू करून ठेवली. मेकॅनिक ओरडला, "काकू, पदर खोचा! पंखा कधीही सुरू होतो!" आम्ही दोघींनी पदर असे खोचले की जशी काही फुगडीच घालायचीये. बऱ्याच वेळाने गाडी तापली आणि पंखा भर्रकन सुरू झाला. म्हणजे पंखाही चांगला.

"काकू, आता पुढून जाळीसमोर कागद धरा. पंखा आतून हवा ओढतो, कागद चिकटला पाहिजे."

यांच्या हातातला पेपर मी ओढून घेतला. "अगं, माझं शब्दकोडं!" जाळीसमोर धरला, सोडला. पडला की खाली. परत धरला, परत पडला.

"मग पंखा उलटा फिरतोय!" फोनवरून.

मी विचार केला. उलटा फिरत असता तर कागद उडाला असता माझ्या तोंडावर. हा नुसता पडतोय, वाराच नसल्यासारखा. पंखा फिरतोय, पण वारा नाही. आणि पोरी, तिथे माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फिरतो पण धूर जात नाही, असं कधी होतं? जाळी बुजली की!

गाडी बंद केली, निवू दिली. मग पर्समधला छोटा आरसा काढला, ज्यात टिकली बघते तो. बॉनेटखाली पुढच्या बाजूला दोन जाळ्या असतात बघ, पुढची एसीची, मागची रेडिएटरची, मधे बोटभर फट. त्या फटीत आरसा तिरपा धरला आणि लेकाला म्हटलं, टॉर्च मार.

आरशात काय दिसलं असेल? झेंडू! वाळलेला, चिखलात मळलेला, चुलीमागची भिंत सारवावी तसा जाळीभर लिंपलेला झेंडू! आणि त्यात खोचल्यासारखी आपट्याची पानं.

आता तुला आमच्या घरची रीत सांगायला हवी. आमच्याकडे दसऱ्याचा गाडीचा हार हाताने काढत नाहीत. बांधायचा, आणि आपोआप गळून जाईपर्यंत राहू द्यायचा. ओढून काढला तर गाडीचा प्रवास तुटतो म्हणे. माझ्या सासऱ्यांच्या बैलगाडीपासून चालत आलंय. बैलगाडीला रेडिएटर नव्हता, हे मधे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. आणि त्यावर यांची स्वतःची भर. दसऱ्याला घरी आलेली आपट्याची पानं टाकायची कशी, पायाखाली यायला नकोत, म्हणून हे ती घेऊन खाली जायचे आणि गाडीच्या जाळीत खोचायचे. "हिलाही सोनं द्यावं, वर्षभर राबते." दर दसऱ्याला! वर पावसाळ्यातला चिखल. पंखा सगळं आत ओढून घेत बसला, आणि बिचारीच्या छातीत श्वास राहिला नाही.

मी आरसा त्यांच्याकडे केला. त्यांनी काळा चष्मा वर केला, डोळा बारीक करून बघितलं आणि म्हणाले,

"हे आपलंच दिसतंय."

जाऊबाई तिथेच फरशीवर बसल्या. हसून हसून. "दादा, सोनं गिळलं की हो गाडीनं!" लेक हसत होता, मी हसत होते, फोनमधले मेव्हणे काय झालं काय झालं करत होते, त्यांना सांगितल्यावर तिकडे मनमाडातही हास्याचा फटाका फुटला. आणि हे? हे आधी रुसले, आणि मग त्यांनाच इतकं हसू आलं की खुर्ची कलंडली.

मग साफसफाई. लेक निघाला होता जोराच्या फवाऱ्याचं मशीन आणायला. मी अडवलं. त्या जाळीच्या पात्या शेवयांइतक्या नाजूक, जोराने पाणी मारलं की वाकतात, मग हवा जायची वाट आपणच बंद करायची. बागेची साधी नळी घेतली आणि आतून बाहेर पाणी सोडलं, कचरा ज्या वाटेने आला त्याच वाटेने परत जावा म्हणून. रांगोळीचा मऊ ब्रश, फुंकणी, पापडाचा चिमटा, सगळं स्वयंपाकघर खाली आलं. आणि झेंडू सुटायला लागला गं! केशरी पाण्याचे ओहोळ, त्यात पाकळ्या, दोरे, एक अख्खं आंब्याचं पान, दोन-चार अक्षता. "हा माझ्या हातचा हार!" जाऊबाई एक काळपट दोरा ओळखून म्हणाली. "गाठ बघा, माझीच."

हे ओरडले, "गटारात नको! निर्माल्य आहे ते!" मग घमेलं आणलं. लेक खाली वाकून घमेलं धरतोय, मी वरून नळी धरलेली, आणि कुणीतरी मला "काकू" म्हणून हाक मारली. मी वळले. माझ्याबरोबर नळीही वळली. तो लेक माझा, पुण्यातला मोठा साहेब, डोक्यापासून पायापर्यंत भिजला, डोक्यावर झेंडूची पाकळी. "आई!" म्हणाला, आणि मग त्याने नळी हिसकावली. त्यानंतर काय झालं ते विचारू नकोस. माझ्या वयाला शोभण्यासारखं नव्हतं.

सगळा गाळ यांनी पारिजातकाच्या बुंध्याशी नेऊन घातला. संध्याकाळी लेकानेच कूलंट, ते इंजिन गार ठेवायचं रंगीत पाणी, आणून भरलं, आणि मलाच ऐकवलं, "नुसतं बोअरचं पाणी नाही घालायचं, आत क्षार धरतो." मी "हो रे बाळा" म्हटलं. मग परत पेपर धरला. थप्पकन चिकटला! शब्दकोड्यासकट.

पण खरी परीक्षा रविवारची. मी चालवायला, लेक शेजारी, मागे हे आणि जाऊबाई. लेकाची नजर रस्त्यावर नाहीच, काट्यावर. विल्होळीचा चढ आला. एसी मुद्दाम लावलेला. काटा अर्ध्यावर, जसा खिळ्याने ठोकलेला. मागून जाऊबाई पुटपुटत होती, मी विचारलं काय म्हणतेस, तर म्हणाली, "काही नाही, काट्याला नवस बोलतीये."

आणि वाडिवऱ्हेच्या अलीकडे गाड्यांची ही लांब रांग! पुढे काहीतरी बंद पडलेलं. उभ्या गाडीला बाहेरचा वारा नाही, सगळा भार पंख्यावर. काटा हलला. अर्ध्याच्या वर, केसभर. मग आणखी केसभर. जाऊबाईंचा नवससुद्धा अर्ध्यावरच थांबला!

लेकाने हात पुढे केला. "आई, किल्ली..."

"थांब. लालाला नाही टेकला. पंखा लागू दे."

"आई, मी उगीच नाही..."

"पंखा लागू दे रे!"

आणि भर्र्र! लागला. आम्ही चौघेही माना पुढे काढून काट्याकडे बघतोय. काटा थबकला. आणि आला की खाली! अगदी शहाण्या मुलासारखा अर्ध्यावर येऊन बसला. मागच्या सीटवर या दीर-भावजयींनी टाळ्या पिटल्या, मी हॉर्न वाजवला, पुढचा गाडीवाला मान काढून म्हणतो, "काकू, पुढं बंद आहे, हॉर्न काय वाजवता?" जाऊबाईने काचेतून डोकं काढलं, "आनंदाचा हाय तो, तू नको मनावर घेऊ!"

लेकाने तिथेच, त्या रांगेत, फोन लावला. "नमस्कार. ती निळी गाडी... नाही, विकायची नाही. नाही नाही, गाडी उत्तम आहे. मालकीणबाई सोडत नाहीत." फोन ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "पण काटा बघत जाशील ना?" म्हटलं, "तुझ्यापेक्षा जास्त त्याच्याकडेच बघते." आणि हारही आता दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी उतरवायचा, हे यांनी स्वतःहून कबूल केलं. प्रवास तुटेल ना, विचारलं तर म्हणाले, "परवा तुटतच होता, तेव्हा काय गेलं हार असून?"

घोटीहून परत निघताना लेक म्हणतो कसा, "आई, आता मी चालवतो ना. कॉलेजात होतो तेव्हा चालवलीये मी हिला." किती लाडात आला होता! मी किल्ली हलवून दाखवली आणि म्हटलं, "तुला ॲप घालून देऊ का?" मागे बसून आला तो, तांदळाच्या गोणीला टेकून, आणि विल्होळी यायच्या आत झोपला. कितीतरी दिवसांनी असा निवांत झोपलेला बघितला मी त्याला.

तर पोरी, आता परत येशील तेव्हा तुझी गाडी घेऊन ये इकडे. पुढून पेपर धरून बघू, काय ते कळेल. आणि गाडीने यायची भीती वाटत असेल तर एसटीने ये, नाहीतर आगगाडीने ये, पण ये लवकर, या पंधरवड्यातच ये. स्टँडवर की नाशिकरोडला ते फक्त कळव. रिक्षा करू नकोस. मी येते घ्यायला.